दोन तबकड्या, एक लय

तबकडी दिव्याखाली जरा तिरकी धरली की गाणं डोळ्यांना दिसतं. सगळी वाद्यं भरून वाजत असतात तिथल्या खाचा करड्या, खरबरीत दिसतात. बाकीचे थांबून नुसता ड्रम उरतो तिथे गडद, गुळगुळीत पट्टी लागते. ही पट्टी म्हणजे ब्रेक, आणि डीजेची नजर आधी तिच्यावरच जाते.

११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये कूल हर्क या डीजेने आपल्या बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. हिपहॉपचा जन्म त्या रात्रीचा मानतात. नाचणारे ब्रेकची वाट बघत थांबतात, हे हर्कने हेरलं होतं. ब्रेक तर काही सेकंदांत संपतो. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या आणि एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, असं तो लांबवत नेऊ लागला. पण त्याची सुई अंदाजाने टेकायची, जोड समेवर येईलच असं नसायचं. ग्रँडमास्टर फ्लॅश या दुसऱ्या डीजेला ते खटकलं. त्याने तबकडीवर क्रेयॉनने खुणा केल्या आणि ती किती फेरे मागे फिरवली की ब्रेकच्या तोंडाशी येते, ते पक्कं केलं. संगीताच्या इतिहासातल्या मोठ्या शोधांमध्ये मी त्या क्रेयॉनच्या रेघेला जागा देईन.

कारण तबकडीवर वेळ बोटाखाली येतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा. गाणं मिनिटाला १०० ठोक्यांचं असेल तर एका फेऱ्यात बरोबर तीन ठोके बसतात. चार ठोक्यांचं आवर्तन धरलं तर दर तीन आवर्तनांनी सम लेबलवरच्या त्याच खुणेवर परत येते. हा हिशेब एकदा अंगात भिनला की हेडफोन लावायच्या आधीच हात योग्य जागी जातो.

टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्राबद्दल थोडक्यात. टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० आलं १९७२ मध्ये, घरी बसून ऐकणाऱ्यांसाठी. त्यात पट्टा नाही, मोटर थेट तबकडीखालच्या फिरत्या ताटाला जोडलेली. त्यामुळे हात सोडला की तबकडी लगेच वेग पकडते. मध्ये फेल्टचं स्लिपमॅट, म्हणजे निसरडी चकती असते, म्हणून वर तबकडी धरून ठेवली तरी खाली ताट फिरत राहतं. १९७९ च्या एमके२ या सुधारित आवृत्तीत गोल बटणाऐवजी वेगाची सरकपट्टी आली, ८ टक्के वर, ८ टक्के खाली. डीजेचं खरं वाद्य ही सरकपट्टी आहे असं मला मनापासून वाटतं. स्क्रॅचिंग, म्हणजे सुईखाली तबकडी मागेपुढे घासणं, दिसायला भारी, आणि त्याचे उस्ताद थोरच आहेत. पण एवढ्याशा पट्टीवर दोन गाणी पाच-सहा मिनिटं एकजीव ठेवणं, याला कान लागतो.

समजा, एक गाणं मिनिटाला १२६ ठोक्यांवर चाललंय आणि दुसरं १२० चं आहे. दुसऱ्याला ५ टक्के वर घ्यायचं. वेगाबरोबर सूरही चढतो. ६ टक्क्यांच्या आसपास पांढरी एकचं गाणं जवळजवळ काळी एकमध्ये जाऊन बसतं, म्हणजे लय जुळवताना सुराचंही भान हवं. आता एका कानाला हेडफोन, दुसरा कान बाहेरच्या स्पीकरकडे. लय जुळलेली असेल तर दोन किक, म्हणजे मोठ्या ड्रमचे खोल ठोके, मिळून एकच भरीव ठोका येतो. सुटायला लागली की तो ठोका दुहेरी होतो, धड्‌ऐवजी धडड्. हे कोणालाही ऐकू येतं. पुढे कोण गेलंय नि मागे कोण राहिलंय, हे ओळखायलाच खरी साधना लागते. मी किक सोडून हायहॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांजांची जोडी, ऐकते; तिचा आवाज बारीक, त्यामुळे फट स्वच्छ कळते. मग पुढे गेलेली तबकडी ताटाच्या कडेला बोटाच्या पेराने जराशी दाबायची, मागे राहिलेली लेबलपाशी धरून हलकेच पुढे ढकलायची, आणि सरकपट्टी केसभर हलवायची.

सत्तरच्या दशकातल्या डिस्को रेकॉर्डी मला याच कारणासाठी सर्वांत जास्त आवडतात. ड्रम वाजवणारा हाडामांसाचा माणूस, कोरसच्या जोशात तो थोडा धावतो, कडव्यात पुन्हा सैलावतो. अशा दोन रेकॉर्डी एकत्र चालवताना हात पट्टीवरून काढताच येत नाही. दोन ड्रमवादकांना एकमेकांचं ऐकायला लावायचं काम आपण करत असतो. आपोआप लय जुळवणारं सिंकचं बटण हे करतं, मान्य, आणि ज्यांचं लक्ष इतर करामतींवर आहे त्यांनी ते खुशाल वापरावं. पण शिकताना पहिल्या दिवसापासून ते दाबलं तर कानाला काही कामच उरत नाही.

बास मात्र कधीही दोन्हीकडचा एकदम सोडू नका. येणाऱ्या गाण्याचा बास बंद ठेवायचा आणि समेवर अदलाबदल करायची. नाहीतर सगळा गढूळ गोंगाट होतो.

नव्याने शिकणाऱ्यांना मी एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायला सांगते. दोन्ही एकाच जागेवरून सोडा. अगदी जवळ आल्या की आवाज पोकळ होतो, विमान डोक्यावरून गेल्यासारखी एक लाट गाण्यातून सरकते. ती लाट थांबेपर्यंत पट्टी हलवत राहा. एवढ्या बारीक फरकाला कान सरावला की वेगळी गाणी हाताशी घ्या.