शाळकरी मुलांच्या चित्रपट रसास्वादासाठी सरकारी अनुदान : माझा अनुभव

कोल्हापुरातल्या शाळांमध्ये मुलांना चित्रपट पाहायला शिकवणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेने केंद्र शासनाच्या अनुदानासाठी अर्ज करायचे ठरवले, तेव्हा पहिला प्रश्न अर्ज कोणाच्या दारात न्यायचा हा होता. चित्रपट हा विषय माहिती व प्रसारण मंत्रालयाचा, कार्यशाळा आणि महोत्सव संस्कृती मंत्रालयाचे, आणि शाळेच्या वर्गात पाऊल ठेवायचे तर परवानगी शिक्षण विभागाची. १९५५ साली स्थापन झालेली बाल चित्रपट समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, त्यामुळे मुलांच्या चित्रपटांसाठीचे म्हणून जे एक वेगळे दार होते तेही आता स्वतंत्र राहिलेले नाही. बरेच वाचन केल्यावर आम्ही संस्कृती मंत्रालयाच्या कार्यक्रम व निर्मिती अनुदानाकडे वळलो. त्यात परिसंवाद, कार्यशाळा, प्रदर्शने अशा उपक्रमांना सर्वसाधारणपणे पाच लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते आणि संस्था किमान तीन वर्षे नोंदणीकृत असावी लागते.

कागदपत्रांची यादी येथे देत बसत नाही, ती योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असतेच. एका गोष्टीकडे मात्र आधीच लक्ष द्यावे. महाराष्ट्रात संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदली, तरी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची नोंदणीही आपल्याला करावी लागते, आणि कार्यकारिणी बदलली की कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत पीटीआरच्या, म्हणजे विश्वस्त व्यवस्थांच्या सरकारी नोंदवहीच्या, उताऱ्यावर जुनीच नावे राहतात. स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर आपण नवी कार्यकारिणी भरतो, उतारा जुनी दाखवतो, आणि छाननी करणाऱ्याला दोन वेगळ्या संस्था समोर आल्यासारखे वाटते. आम्ही बदल अर्जाची पोच आणि ठरावाची प्रत दोन्ही जोडली, म्हणून ते निभावले.

खरे काम प्रस्ताव लिहिण्याचे होते. ‘मुलांची अभिरुची घडवणे’ हे वाक्य आम्हा सगळ्यांना प्रिय होते, परंतु त्या वाक्यासमोर खर्चाचा आकडा लिहिता येत नाही. चित्रपट संपल्यावर मूल काय करते, याभोवती मग सगळा प्रस्ताव नव्याने रचला. प्रत्येक मूल पोस्टकार्डाच्या आकाराची पुठ्ठ्याची चौकट कापते, एक डोळा मिटून तिच्यातून शाळेचे आवार पाहते, आणि काय चौकटीत घेतले व काय बाहेर ठेवले हे वहीत लिहिते. दुसऱ्या दिवशी तोच चित्रपटाचा तुकडा आवाज बंद करून पुन्हा दाखवला जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना आहे; आमचे वेळापत्रक त्या दिवसांत बसवल्यामुळे मुख्याध्यापकांनाही तास बुडण्याची धास्ती राहिली नाही. कोल्हापूरच्या मुलांना तर हा विषय उपरा नाहीच. बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा याच शहरात तयार केला, आणि १९२९ मध्ये येथे सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. म्हणून पहिल्या दिवशी खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभ या स्मारकापर्यंतची फेरी ठेवली आणि तिचे गाडीभाडे अंदाजपत्रकात वेगळे दाखवले.

छाननीच्या टप्प्यावर आलेल्या शंकांपैकी दोन लक्षात राहिल्या. चित्रपट दाखवणे हे मनोरंजन नव्हे काय, ही एक. आणि चित्रपटाच्या उपक्रमात पुठ्ठा, कात्री, दोरा कशासाठी, ही दुसरी. पहिलीचे उत्तर लिहिताना आम्ही पानभर मजकूर खर्ची घातला. दुसरीच्या उत्तरात सातवीतल्या एका मुलीच्या वहीचे पान जोडले. तिने चौकटीतून शाळेच्या नळांची रांग पाहिली होती आणि खाली लिहिले होते, ‘शेवटचा नळ गळतो, तो मी मुद्दाम घेतला, कारण बाकीचे सगळे सारखेच दिसतात.’ माझ्या मते पहिल्या शंकेचेही खरे उत्तर तेच होते.

चित्रपट कोणते दाखवणार आणि कोणत्या अधिकाराने, याची तयारी आधीच ठेवावी. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, फक्त तिचे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि तिच्याशी संबंधित व्यक्तींसमोर चित्रपट दाखवायला मुभा आहे. तथापि आयोजक बाहेरची संस्था असली की ही मुभा कितपत ताणावी, हा प्रश्न उरतोच. आम्ही कार्यक्रम शाळेच्या नावाने, शाळेच्या आवारात आणि शाळेच्या लेखी पत्रावर ठेवला, आणि अलीकडच्या चित्रपटांसाठी हक्कधारकांकडून पत्रेही घेतली. चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे कोल्हापुरातच तयार झालेला १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ दाखवायला परवाना शुल्काची बाब लागली नाही. अंदाजपत्रक आखडते घेण्याचा एवढा आनंददायक मार्ग दुसरा नसेल!

शाळांच्या परवानगीत जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी, तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुख अशी उतरंड आहे. महापालिकेच्या शाळांसाठी वाट वेगळी. पत्रे वेळेत मिळाली. अडचण हवामानाची आणि आर्थिक वर्षाची असते. गगनबावडा, राधानगरी भागात जुलै-ऑगस्टमध्ये शाळेपर्यंत पोहोचणेच बेभरवशाचे, २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तर पावसाळ्यात कार्यक्रम लावायला कोणी धजत नाही. आणि मार्चअखेर जवळ आली की परीक्षा. म्हणजे हाती राहतात ते दिवाळीनंतरचे महिने, आणि प्रस्तावातच तसे लिहिलेले बरे.

मंजुरीचे पत्र आल्यावर सगळ्यांत जास्त चर्चा बंधपत्राची झाली. सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे कार्यकारिणीच्या सदस्यांनी राष्ट्रपतींच्या नावे बंधपत्र लिहून द्यायचे असते, आणि अटींचा भंग झाल्यास अनुदानाची रक्कम दहा टक्के व्याजासह परत करण्याची जबाबदारी सगळ्यांवर संयुक्तपणे आणि प्रत्येकावर वैयक्तिकरीत्याही येते. आमचे एक ज्येष्ठ सदस्य, निवृत्त मुख्याध्यापक, चष्मा पुसून तो परिच्छेद दोनदा वाचून म्हणाले, “म्हणजे तुम्ही पुठ्ठ्याची पावती हरवलीत, तर माझी पेन्शन जायची काय?” सगळे हसले, पण सरांचा प्रश्न रास्त होता. त्यांच्याच सूचनेवरून असे ठरले की, प्रत्येक खर्चाचे व्हाउचर त्याच दिवशी लिहायचे आणि त्यावर दोघांनी सही करायची. त्यानंतर सरांनी स्टँप पेपरवर सही केली, आणि पुढे वर्षभर व्हाउचरांची फाईलही स्वतःकडेच ठेवली.

हिशेबाचा भाग कंटाळवाणा असला तरी अनुदान तेथेच तरते किंवा बुडते. अनुदानासाठी बँकेत स्वतंत्र खाते असावे आणि त्याची पीएफएमएसवर, म्हणजे केंद्र शासनाच्या निधीचा माग ठेवणाऱ्या ऑनलाइन प्रणालीवर, नोंद असावी. पाच हजारांवरच्या रोख मानधनाच्या पावतीला एक रुपयाचे महसूल तिकीट लागते. गावातल्या टेम्पोवाल्याकडे छापील बिल नसते, तेव्हा गाडीचा क्रमांक, कोठून कोठपर्यंत आणि त्याची सही असलेले व्हाउचर करावे. मुलांची छायाचित्रे अहवालात वापरायची असतील तर पालकांची संमतिपत्रे वर्गशिक्षकांकडून आधीच भरून घ्यावीत. कार्यक्रम झाल्यावर ती गोळा करणे फार जिकिरीचे होते. अनुदानाच्या रकमेवर खात्यात जमा झालेले व्याजसुद्धा आपले नसते. लेखे अंतिम झाल्यावर ते भारताच्या संचित निधीत परत करायचे असते. आमचे व्याज एखाद्या सभेच्या चहापाण्याइतकेच होते, तरी ते भारतकोश या केंद्र शासनाकडे पैसे भरण्याच्या पोर्टलवरून भरले आणि त्याची पावती सनदी लेखापालांनी सही केलेल्या नमुना १२-अ मधील उपयोगिता प्रमाणपत्राला, म्हणजे अनुदान ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याच्या दाखल्याला, जोडली.

अनुदान हप्त्यांनी येते आणि दुसरा हप्ता हे प्रमाणपत्र पोहोचल्यावरच मिळतो, त्यामुळे मधल्या काळात स्वतःचे काही पैसे हाताशी हवेत. आम्ही सभासदांकडून उसने घेऊन गाडीभाडे आणि मुलांच्या खाऊची बिले भागवली होती. ती उसनवारी आता फिटली आहे. पुढचा प्रस्ताव शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा असून त्यात प्रोजेक्टरच्या भाड्याची बाब आम्ही ठेवलेली नाही, कारण आम्ही गेलो त्या बहुतेक शाळांत टीव्ही संच आहे आणि खिडक्यांना पोती लावली की तेवढ्यावर काम भागते.