पापणी पडली म्हणून माझ्याकडे आला

पावसाळ्यातला सोमवार. नेत्र ओपीडीत 80 केसपेपर, निम्मे चष्म्याचे. साडेनऊला 17 वर्षांच्या पोराला त्याच्या बापानं दंडाला धरून रांग मोडून आत आणलं. "साहेब, सकाळधरनं डोळेच उघडनात याचे." पहाटे पोटात कळ आली म्हणून गावातल्या डॉक्टरनं ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलेलं. पापण्या पडल्यावर त्यानंच सांगितलं, डोळेवाल्याकडं न्या.

डोळेवाला मी. दोन्ही पापण्या बाहुलीवर उतरलेल्या, डोळा कुठल्याच बाजूला धड फिरेना. मायस्थेनिया! मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नीट न पोचण्याचा आजार, आणि बर्फ धरल्यावर पापणी थोडी वर येणं ही त्याची खूण. पीजी झाल्यावर असा पेशंट बघितलाच नव्हता. लसीच्या डब्यातला आइसपॅक मागवला, गॉजमध्ये गुंडाळून 2 मिनिटं एका पापणीवर धरला. पट्टीनं मोजलं तर पापणी 2 मिलिमीटर वर. खरं सांगतो, आनंद झाला मला. केसपेपरवर सुवाच्य अक्षरात निदान लिहिलं आणि संभाजीनगरला न्यूरोवाल्यांना दाखवा, म्हणून बापाला समजावत बसलो.

ड्रेसिंगच्या सिस्टर दारातून ऐकत होत्या. त्यांची निम्मी नोकरी कॅज्युअल्टीत गेलेली. त्यांनी बापाला एवढंच विचारलं, "राती कुठं झोपला होता हा?"

"खालीच की, चटईवर."

मण्यार. झोपेत चावते, दात इतके बारीक की वण सापडत नाही, सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या पडतात, मग श्वास. बर्फाची खूण खोटी नव्हती. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नसला की पापणी पडते आणि गारव्यानं थोडी उचलू शकते, कारण कुठलंही असो. मी ती एकाच आजाराची धरून बसलो होतो. पोराला म्हटलं, एका श्वासात आकडे मोज. 11 वर थांबला. उशीवरून मान उचलता येईना. एव्हाना 25 मिनिटं गेली होती.

पुढचं माझ्या हातून झालं असं म्हणवत नाही. सर्पदंशाच्या लसीच्या 10 व्हायल. पावडर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवताना हलवायची नसते, फेस होतो. सिस्टर एकेक बाटली दोन तळव्यांत वळत होत्या, रवी फिरवावी तशा. आमचे भूलतज्ज्ञ सिझरच्या दिवशीच येतात. श्वासनलिकेत नळी घातली ती बंधपत्रावर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेल्या 25 वर्षांच्या डॉक्टर पोरीनं, पहिल्या झटक्यात. मी 14 वर्षांत नळी घातलेली नाही. अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजपर्यंत 108 मध्ये अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायचा फुगा, दाबत बसलो, तेवढं जमलं. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकाला एकदा बसलं की लसही ते झटकन उतरवत नाही. श्वास बाहेरून पुरवत राहायचा. पोरगा 5 दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला.

आता जे बोलायचं टाळत होतो ते. आमच्याकडे विशेषज्ञांनाही कॅज्युअल्टीची पाळी लागते. 2 वर्षं मी माझी पाळी त्याच पोरीसारख्या बंधपत्रितांच्या गळ्यात घालत आलो. हाडवालेही तेच करतात, आणि वर "आम्ही स्पेशालिस्ट" म्हणून ऐटीत चहा पितात. अधीक्षकांना फक्त मोतीबिंदूचं टार्गेट दिसतं, म्हणून कुणी विचारत नाही. इंटर्नशिपला विंचवाच्या पेशंटला प्राझोसिन मी स्वतः दिलेलं आहे. आपल्या जालना जिल्ह्यातल्या बावस्कर सरांनी महाडकडे विंचूदंशावर वापरलेलं ते औषध, म्हणून तेव्हा कोण अभिमान वाटायचा. आज डोस विचारला तर पुस्तक उघडावं लागेल.

तेव्हापासून महिन्याला 2 रात्रपाळ्या घेतो. सिस्टर खूश, बायको नाही.

पण हेही सांगितलं पाहिजे. गेल्या गुरुवारी रात्री एक विषारी औषध प्यायलेला, एक बाळंतीण आणि दारू पिऊन डोकं फोडून घेतलेले दोघं निस्तरले आणि सकाळी आठला थिएटरला उभा राहिलो. यादीत 9 मोतीबिंदू. चौथ्या आजींच्या भिंगाचं आवरण गोल फाडताना कड बाहेर पळाली. हे माझ्याकडून सहसा होत नाही. जपून जपून भिंग बसवलं, बसलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आजी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचून दाखवत होत्या. ऑपरेशन नोटमध्ये कड पळाल्याचं लिहिलं. आदल्या रात्रीच्या पाळीला तिथं रकाना नाही.