सेन्सरचा कनेक्टर काढून ताम्हिणीमार्गे दिवेआगर

निघायच्या तीन दिवस आधी आमच्या बीएस-४ पेट्रोल हॅचबॅकची चेक इंजिन लाइट लागली आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गचके खायला लागली. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून मॅनिफोल्डवरच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरच्या) ऑक्सिजन सेन्सरकडे बोट दाखवलं. नवा यायला आठवडा. "तोवर कनेक्टर काढून ठेवतो, काही होत नाही," म्हणत त्याने चार वायरींचं सॉकेट सोडवलं आणि केबल टायने बाजूला बांधलं. गचके गेले, लाइट तशीच राहिली.

ताम्हिणी घाट गाडी झकास चढली. बायकोला म्हटलंसुद्धा, मग हा सेन्सर देतात कशाला? फसलो ते इथेच. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, या सेन्सरला फारसं विचारतच नाही, साठवलेल्या तक्त्याप्रमाणे जादा पेट्रोल सोडतो. सेन्सरचं खरं काम एका चालीत, सपाट रस्त्यावर. धुरात किती ऑक्सिजन उरलाय त्याप्रमाणे त्याचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ मध्ये खाली-वर होतं आणि त्यावरून ईसीयू १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे प्रमाण सांभाळतो. कनेक्टर काढला की उरतो नुसता अंदाज, आणि तो बहुधा जादा पेट्रोलच्या बाजूने चुकतो.

माणगावच्या रांगेत त्याची प्रचिती आली. सुट्टीचा दिवस, अर्धा तास गाडी जागच्या जागी. आरपीएमचा काटा थरथरतोय, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतोय. मागे बसलेल्या आईने नाकाला पदर लावला.

परत आल्यावर हिशोब केला: ३४५ किलोमीटरला २७ लिटर, म्हणजे जेमतेम पावणेतेरा. एरवी सतरा मिळतात. प्लग काढले तर टोकं चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी काळी, बोट लावलं की कोरडी काजळी.

तरीही गॅरेजवाला चुकला असं मी म्हणणार नाही. बिघडलेला सेन्सर "पेट्रोल कमी पडतंय" अशी खोटी खबर देत राहिला, तर ईसीयू ओततच राहतो. त्यापेक्षा गप्प बसलेला सेन्सर परवडला. पण दोन-चार दिवसांपुरताच, कारण जादा पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन जळतं, आणि त्याच्या किमतीपुढे सेन्सर म्हणजे चिल्लर.

असंच कुणाला निघावं लागलं तर टाकी पुण्यातून बाहेर पडतानाच, चांदणी चौकाच्या आधी फुल करा आणि नेहमीच्या अ‍ॅव्हरेजमधून पाव भाग वजा करून चला. मोकळा कनेक्टर एक्झॉस्टपासून लांब बांधलाय ना, ते स्वतः वाकून बघा. आमचा निम्मा घाट उतरेपर्यंत सुटून लोंबायला लागला होता. लाइट नुसती लागलेली असेल तर चालवता येतं. लुकलुकायला लागली तर मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, बाजूला घ्या. आणि तापलेली गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका, दिवाळीनंतर कोकणात रस्त्याकडेला दुसरं काही नसतं. कन्व्हर्टरनंतरचा दुसरा सेन्सर काढला असेल तर चालवताना बहुधा फरक कळणारही नाही, तो मुख्यतः कन्व्हर्टरवर नजर ठेवतो.

नवा बसवताना जुना थोड्या कोमट इंजिनवरच सोडवला, २२ च्या पान्याने. थंड असताना आटे हलायलाच तयार नव्हते. पीयूसीला त्यानंतरच गेलो.