तेका जावक होया

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कार्यालयाची दप्तर तपासणी लागली आणि त्या निमित्ताने माझ्या संकलनातील, म्हणजे माझ्या टेबलाकडे सोपवलेल्या कामांतील, प्रलंबित प्रकरणांची मोजदाद मला स्वतःच्या हाताने करावी लागली. आकडा २३७ निघाला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी, महसूल शाखेत, मी लिपिक म्हणून काम करते. तेव्हा नोकरीला अकरा वर्षे झाली होती आणि एवढ्या काळात मला कोणी कामचुकार म्हटले नव्हते. उलट सायंकाळी सगळे निघून गेल्यावरही अर्धा-पाऊण तास टेबलावर मान घालून बसलेली बाई अशीच माझी ओळख होती. त्यामुळे तो आकडा पाहून आधी अपमान वाटला आणि मग प्रश्न पडला, की दिवसभर मी नेमके करते तरी काय.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि त्याच्या बदल्यात रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी ठरली. जेवणाचा अर्धा तास वजा केला तर हाती आठ तास उरतात. या आठ तासांचा हिशेब लावण्यासाठी मी आठवडाभर एका वहीत दर अर्ध्या तासाला काय केले ते लिहून ठेवले. वही भरली, पण तिच्यातून फारसे काही हाती लागले नाही, कारण प्रत्येक रकान्यात काही ना काही काम होतेच. रिकामा असा एकही अर्धा तास सापडला नाही.

खरे निदान आमच्या शिपायांनी केले. त्यांना सगळे आबा म्हणतात. टपालाची पिशवी घेऊन ते दिवसातून चार वेळा माझ्या टेबलाजवळून जातात, आणि एके दिवशी जाता जाता ते थांबून म्हणाले, "मॅडम, ह्यो कागद तुमी रोज उचलतास आनी रोज थयच ठेवतास. तेका आता जावक होया." आमच्या मालवणीत ‘जावक होया’ म्हणजे जायला हवे, आणि कार्यालयात जावक म्हणजे बाहेर जाणाऱ्या टपालाची नोंद. आबांना यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत होता ते मी विचारले नाही. दोन्ही लागू पडत होते.

तो कागद एका आजींच्या अर्जाचा होता. नवरा वारल्यानंतर सातबाऱ्यावर वारसांची नावे लागत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. कोकणातल्या सातबाऱ्याची गोष्ट कोकणाबाहेरच्या माणसाला समजावून सांगणे अवघड आहे. चार-सहा गुंठ्यांच्या तुकड्याला पंचवीस-तीस सामाईक खातेदार, त्यांतले निम्मे मुंबईला, काही हयात नाहीत आणि काहींची नावे आजोबांच्या काळापासून तशीच, अशी आमच्याकडची नेहमीची स्थिती आहे. आजींच्या अर्जाला जोडलेल्या वंशावळीत तीन मुलगे होते, पण लग्न होऊन गेलेली मुलगी नव्हती. मुलीलाही वारस मानणारा हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ चा असला तरी वंशावळीतून लेक वगळण्याची सवय अजून मोडलेली नाही. मी अर्ज उघडायची, वंशावळ वाचायची, मुलीचे नाव नाही हे पुन्हा एकदा माझ्या लक्षात यायचे, तेवढ्यात समोर कोणीतरी येऊन उभे राहायचे किंवा फोन वाजायचा, आणि ‘याला जरा निवांत पत्र काढू’ असे मनाशी म्हणून मी तो ढिगावर परत ठेवायची.

आबांच्या बोलण्यानंतर मी एक साधी गोष्ट सुरू केली. कोणताही कागद हातात घेतला, की त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढायची. काम झाले नाही तरी रेघ ओढायचीच. तीन आठवड्यांनी पाहिले तेव्हा आजींच्या अर्जावर अकरा रेघा होत्या. त्यावर करायचे काम होते चार ओळींचे पत्र: तलाठ्यांनी स्थानिक चौकशी करून अहवाल द्यावा, आणि अर्जदारांनी सर्व वारसांची नावे असलेली वंशावळ प्रतिज्ञापत्रासह सादर करावी. त्या दिवशी घड्याळ लावून ते पत्र टंकले. सही होऊन जावक क्रमांक पडेपर्यंत माझी सात मिनिटे गेली. अकरा वेळा तोच अर्ज वाचण्यात त्याच्या कितीतरी पट वेळ गेला असणार, आणि माझ्या वहीत तो सगळा वेळ ‘प्रकरणे पाहिली’ या शीर्षकाखाली प्रामाणिकपणे नोंदवलेला होता.

बदल्या आणि दप्तर दिरंगाई यांसंबंधीचा जो २००५ चा कायदा आहे, त्याच्या कलम १० प्रमाणे कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. तातडीच्या नस्तीला चार दिवस आणि अत्यंत तातडीच्या नस्तीला एक दिवस किंवा फार तर दुसऱ्या दिवशीची सकाळ एवढीच मुभा आहे. हे मला तोंडपाठ होते. पण कायदा दिवस मोजतो आणि माझा प्रश्न दिवसांचा नव्हता. रेघा मोजायला लागल्यापासून एक नियम आपोआप तयार झाला: दुसरी रेघ ओढायची वेळ आली, तर कागद खाली ठेवण्यापूर्वी त्याचे पुढचे पाऊल निदान पेन्सिलीने तरी लिहायचे. ‘अहवाल मागवा’, ‘सुनावणीस ठेवा’, ‘दुय्यम निबंधकांकडे पाठवा’ अशी दोन शब्दांची नोंद असली, की पुढच्या वेळी आरंभापासून वाचत बसावे लागत नाही.

यानंतर मी सहा गठ्ठे पद्धतीकडे वळले. खात्याच्या परीक्षेसाठी ती सगळेच पाठ करतात आणि पुढे बहुतेकांच्या टेबलावर सहाचा एकच गठ्ठा होतो. माझाही झाला होता. पहिल्या गठ्ठ्यात कार्यवाहीसाठी हातात असलेली प्रकरणे, दुसऱ्यात कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी, तिसऱ्यात नियतकालिके, म्हणजे ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रे, चौथ्यात स्थायी आदेश, पाचव्यात अभिलेख कक्षात जाणारी निकाली प्रकरणे आणि सहाव्यात नष्ट करायचे कागद. दोन शनिवार मी स्वखुशीने कार्यालयात आले आणि कपाटासकट सगळे जमिनीवर ओतले. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क-१’ दहा वर्षांचा, ‘क’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा, अशी कागद किती काळ जपायचा त्याची वर्गवारी करताना कपाटाच्या तळाशी ‘जिल्हा रत्नागिरी’ असा मथळा असलेले कागद निघाले, म्हणजे १ मे १९८१ रोजी आमचा जिल्हा वेगळा होण्याच्याही आधीचे. त्यांना कसर लागली होती. आमच्याकडच्या दमट हवेत कागदाला जपावे तेवढे थोडेच. ते वेगळे बांधून मी त्याच आठवड्यात अभिलेखपालांच्या स्वाधीन केले.

या मोडतोडीतून जे निघाले त्याने मला खरा धीर आला. २३७ पैकी ६४ प्रकरणे प्रत्यक्षात संपलेली होती, फक्त नस्तीबंद करायची राहिली होती. ८१ प्रकरणांत चेंडू दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात होता, तलाठ्यांच्या, भूमी अभिलेखच्या किंवा खुद्द अर्जदाराच्या. माझ्यावर अडलेली अशी ९२ उरली. ९२ हा काही अभिमानाचा आकडा नव्हे, पण तो झेपणारा होता, आणि रोज सकाळी ढीग पाहून पोटात गोळा येणे बंद झाले. दुसऱ्या गठ्ठ्यासाठी मी सोमवार ठरवला. त्या दिवशी तो गठ्ठा वरपासून खालपर्यंत पाहायचा, स्मरणपत्रे काढायची आणि इतर दिवशी त्याला हात लावायचा नाही.

वेळापत्रक मात्र सहजासहजी जमले नाही. मंत्रालयात काम करणाऱ्या माझ्या मामेबहिणीने सांगितले होते की सकाळचा पहिला तास दार लावून अवघड कामाला द्यावा. मी तो प्रयोग चार दिवस केला आणि पाचव्या दिवशी सोडून दिला. आमच्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावातून वस्तीच्या एसटीने निघालेला माणूस साडेनऊलाच पायरीवर येऊन बसलेला असतो आणि त्याची परतीची गाडी एक-दीडच्या सुमाराची असते. ती चुकली तर पुढची थेट संध्याकाळी. त्याला पावणेअकरापर्यंत ताटकळत ठेवून मी आतमध्ये एकाग्रतेने टिपण्या लिहिणे हे कार्यक्षमतेचे लक्षण असेल असे मला वाटत नाही. म्हणून मी उलट केले. सकाळ लोकांना दिली, टेबल मोकळे ठेवून, आणि दीडच्या गाड्या गेल्यावर कार्यालय शांत होते त्या दोन ते चारच्या वेळेत अवघड नस्त्या घेऊ लागले. जेवणानंतर डोळे जड होतात हे खरे आहे. त्यासाठी मी जेवणात भात कमी केला. कोकणातल्या माणसाने भात कमी करणे हा या संपूर्ण प्रकरणातला माझा सर्वांत मोठा त्याग आहे.

बाजाराच्या दिवशी यांतले काहीच चालत नाही. त्या दिवशी लोक मासळी, भाजी आणि सातबारा अशी एकच यादी घेऊन येतात. तो दिवस मी नस्त्यांसाठी धरणेच सोडून दिले.

व्हॉट्सअॅपवरच्या मागण्यांचे वेगळेच दुखणे होते. ‘सोबतच्या नमुन्यात माहिती आजच पाचपर्यंत सादर करावी’ असा निरोप दुपारी तीनला यायचा आणि सगळे टाकून मी त्याच्या मागे लागायची. दोन महिन्यांचे असे नमुने एकत्र ठेवून पाहिले, तेव्हा रकान्यांची नावे बदलली तरी आत तेच पंधरा-सोळा आकडे फिरत होते. आता शुक्रवारी दुपारी मी ते आकडे एका तक्त्यात अद्ययावत करून ठेवते आणि मागणी आली की तिथून उचलते. ग्रुपवरचे निरोप मी अकरा, दोन आणि चार या वेळांनाच पाहते. काही खरोखर तातडीचे असले तर साहेब स्वतः हाक मारतात, हे माझ्या उशिराच लक्षात आले.

जून लागला की वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा संपतो. पूर्वी प्रणाली बंद पडली की आम्ही सगळे खिडकीशी उभे राहून पाऊस पाहायचो. आता त्या वेळेसाठी मी कागदावरची कामे मुद्दाम राखून ठेवते: मसुदे हाताने लिहिणे, नस्तीला पृष्ठांकन करणे, पताका लावणे. वीज आली की फक्त टंकायचे राहते.

राहिली गजाल, म्हणजे आमच्याकडच्या गप्पा. तिच्यावर आळस माजवल्याचा आरोप नेहमी होतो आणि मी स्वतः महिनाभर चहाच्या वेळी बाजूला जाऊन पाहिले. त्या महिन्यात माझे काम वाढले नाही, उलट एका प्रकरणातले हरकतदार मुंबईहून येऊन भावाशी समेट करून गेले, ही गावभर झालेली गोष्ट मला नोटीस परत आल्यावर कळली. आमच्याकडे कोण कुठे आहे आणि कोणाचे कोणाशी बोलणे सुरू झाले आहे, हे आवक नोंदवहीत सापडत नाही. चारचा चहा मी पुन्हा सुरू केला, पण उभ्याने. बसले की पाऊण तास जातो.

गणेश चतुर्थीला चाकरमानी आले तेव्हा या सगळ्याची परीक्षा झाली. ज्या वारसांच्या सह्या-जबाबासाठी वर्षभर पत्रे धाडायची, ते सगळे आठ-दहा दिवस गावात असतात. त्यामुळे जुलैअखेरीसच मी ज्या प्रकरणांत मुंबईकर पक्षकार आहेत ती वेगळी काढली आणि सुनावणीच्या तारखा चतुर्थीच्या मागेपुढे लावून घेतल्या. आजींची लेक डोंबिवलीहून आली होती. तिने स्वतः वंशावळ आणून दिली, चारही नावांची.

त्यानंतरच्या दप्तर तपासणीच्या वेळी माझी प्रलंबित प्रकरणे ४१ होती. तपासणी अधिकाऱ्यांनी आकड्याबद्दल समाधान व्यक्त केले आणि मग एक नस्ती प्रकाशाकडे धरून कोपऱ्यातल्या रेघा कसल्या असे विचारले. मी सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शासकीय अभिलेखावर अनधिकृत खुणा करण्यात येऊ नयेत, असा शेरा तपासणी टिपणीत लिहिला. तेव्हापासून मी रेघा टाचलेल्या चिठ्ठीवर ओढते. शेऱ्याचे अनुपालन मी त्याच दिवशी सादर केले. त्या चिठ्ठीवर एकच रेघ होती.