‘कळवतो’ म्हणजे नक्की कधी?

“प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालीय, उद्या साडेदहाला बीकेसीला याल का?” नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी मुंबईच्या बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, बोलावणारा हा फोन हमखास आदल्या दिवशी संध्याकाळी येतो. हो म्हणण्याआधी विचारून घ्या: एकूण राऊंड किती, समोर कोण बसणार, पगाराचं बजेट काय. पहिला राऊंड व्हिडिओवर होईल का, हेही खुशाल विचारा.

जायचंच असेल तर मेलवर निरोप मागा आणि त्यात भेटणाऱ्या माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर असू द्या. कारण डोंबिवलीची लोकल, कुर्ल्याची शेअर रिक्षाची रांग हे सगळं पार पडतं आणि गाडी अडते ती इमारतीच्या गेटवर. “कोणाला भेटायचंय?” असं सिक्युरिटी विचारते, आपण एचआरचं नाव सांगतो, ती फोन उचलत नाही, आणि तिच्या होकाराशिवाय व्हिजिटर पास निघत नाही. मग ओळखपत्र, फोटो, लॅपटॉपची नोंद. यात वीस मिनिटं सहज जातात. वर पोचल्यावर कळतं, पॅनेल दुसऱ्या मीटिंगमध्ये आहे. अर्ध्या दिवसाची रजा गेली ती गेलीच.

इंटरव्ह्यू चांगला होतो, “कळवतो” म्हणतात आणि मग सामसूम. आपलं काय चुकलं, हे उगाळत बसण्याआधी फाइल कुठे अडकू शकते ते बघा. नेहमीचं कारण म्हणजे तुम्ही दुसऱ्या नंबरवर असता. पहिल्याला ऑफर गेलेली असते, त्याचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा, आणि तो तीच ऑफर दाखवून तिसरीकडे घासाघीस करत असतो. तो रुजू होईपर्यंत एचआरला तुम्हाला हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणणं परवडत नाही. दुसरं कारण पैशाचं: मॅनेजरने माणूस पसंत केला, पण जागेला फायनान्सची मंजुरीच नव्हती. हे बाहेर सांगायला कोणी धजावत नाही.

कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या कन्सल्टंटमार्फत गेलात तर आणखी एक गाठ. त्याची फी कंपनी देते, तीही बहुतेक ठिकाणी उमेदवार रुजू झाल्यावर. अनेकदा ती वार्षिक सीटीसीच्या (कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते. तुमचा नकार तुम्हाला कळवून त्याला दमडी मिळत नाही, म्हणून तो कळवत नाही. त्यातून दोन कन्सल्टंटनी तुमचा सीव्ही एकाच कंपनीत टाकला, तर फी कोणाला द्यायची या वादापायी प्रोफाइलच बाजूला पडू शकते. कोणी, कुठे, कोणत्या तारखेला पाठवलं याची वही ठेवा, आणि आपल्या होकाराशिवाय सीव्ही पुढे जाणार नाही हे मेलवर लिहून घ्या.

पाठपुराव्याची तयारी खोलीतून उठण्याआधीच करायची. “निर्णय कोण घेणार, आणि साधारण कोणत्या तारखेपर्यंत?” हे विचारा, आणि त्याच संध्याकाळी ती तारीख नमूद करून आभाराचा मेल टाका. तारीख उलटून दोन कामाचे दिवस गेले की एक मेल. त्यात “काही अपडेट?” असं मोघम विचारलं तर “प्रोसेसमध्ये आहे” हेच उत्तर येणार. त्याऐवजी असं विचारा: पॅनेलचा फीडबॅक आलाय आणि मंजुरी बाकी आहे, की फीडबॅकच आलेला नाही? याला एका ओळीत उत्तर देता येतं, म्हणून ते येण्याची शक्यता जास्त. त्यानंतर आठवड्याने एक फोन. तरी शांतताच असेल तर वहीत काट मारा. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज ‘गुड मॉर्निंग मॅम’ पाठवून फाइल पुढे सरकत नाही.

मध्येच कधी “लगेच जॉइन व्हाल ना?” असा फोन येतो. तोंडी होकारावर किंवा लेटर ऑफ इंटेंटवर, म्हणजे नुसता इरादा कळवणाऱ्या पत्रावर, राजीनामा देऊ नका. रुजू होण्याची तारीख, पद, पगाराची फोड आणि सही असलेलं ऑफर लेटर हातात पडू द्या. ते बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या अटीवर असेल तर तपासणी कधी पूर्ण होणार, हेही लेखी घ्या. नोटीस बायआउटचे, म्हणजे नोटीस पिरियड पूर्ण न करता सुटण्यासाठी जुन्या कंपनीला द्यायचे पैसे कोण भरणार, हे त्याच मेलमध्ये मिटवा, कारण रुजू झाल्यावर हा विषय काढला की ते ठरवणारी एचआर बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीत गेलेली असते.