वुडवर्ड ॲव्हेन्यू आणि कुणी न पाहिलेली व्ही-६

डेट्रॉईटच्या मध्यातून निघून वायव्येला पाँटिॲक गावापर्यंत जाणारा वुडवर्ड ॲव्हेन्यू मोटारवेड्या माणसानं एकदा तरी पाहावाच. १९०९ साली या रस्त्याच्या एक मैलाच्या तुकड्यावर काँक्रीट घातलं गेलं. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या काँक्रीट रस्त्यांपैकी तो एक. साठच्या दशकात रात्री इथे सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लागत, आणि लावणाऱ्यांत कारखान्यांतले इंजिनिअरही असत. दिवसा ज्या इंजिनवर काम केलं, त्याची परीक्षा रात्री रस्त्यावर. आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी याच रस्त्यावर ‘ड्रीम क्रूझ’ भरते. १९९५ साली फर्नडेल या उपनगरात मुलांच्या सॉकर मैदानासाठी पैसे जमवायला कुणीतरी ही कल्पना काढली, आणि आज हजारो जुन्या गाड्या आणि लाखो माणसं तिथे लोटतात.

माझा मावसभाऊ, आमचा दादा, डेट्रॉईटजवळ ट्रॉयला राहतो. ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स या भागात पुण्या-चिंचवडहून गेलेले मराठी इंजिनिअर पुष्कळ आहेत. मोटार उद्योगानंच त्यांना तिकडे नेलं. माझंही आयुष्य इंजिन टेस्टबेडवर, म्हणजे इंजिन चालवून तपासायच्या चौथऱ्यावर गेलं, त्यामुळे मागच्या ऑगस्टमध्ये दादाकडे जायचं ठरलं तेव्हा नायगारा वगैरे बाजूला ठेवून मी थेट वुडवर्डचा हट्ट धरला.

दादाकडे २०११ सालची फोर्ड मस्टँग आहे. लाल, दोन दारांची, लांब नाकाची. पण आठ सिलिंडरांचं व्ही-८ इंजिन नाही, सहा सिलिंडरांचं व्ही-६. इथल्या शौकिनांच्या लेखी ही गाडी जेमतेम धरण्यासारखी. शनिवारी आम्ही ती घेऊन बर्मिंगहॅमजवळ वुडवर्डला लागलो तेव्हा फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेल्या लोकांनी पुढच्या १९७०च्या शेव्हरोले शेव्हेलला हात हलवले, मागच्या डॉज चार्जरचे फोटो काढले, आमच्याकडे मात्र कुणी पाहिलं नाही. दादाला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटलं. कारण आजच्या पेट्रोलच्या हिशेबी जमान्यात अमेरिकन मसल कार, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन घातलेली गाडी, परत आली, त्यात या गाडीचा वाटा त्या दोन्हींपेक्षा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

वुडवर्डला मध्ये रुंद दुभाजक आहे आणि डावीकडे वळायचं तर पुढे जाऊन यू-टर्न घ्यावा लागतो. त्यामुळे जुन्या काळी पोरांना फेऱ्या मारणं सोपं जायचं. दुपारपर्यंत गाड्या इतक्या झाल्या की चालत जाणं बरं पडलं. रॉयल ओकला एका पार्किंगमध्ये १९६४ची पाँटिॲक जीटीओ उभी होती आणि तिचे पांढऱ्या केसांचे मालक बॉनेट उघडून बसले होते.

या गाडीपासून सगळं सुरू झालं. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून, म्हणजे सुमारे ५.४ लिटरहून मोठं इंजिन घालायचं नाही. त्याच कंपनीच्या पाँटिॲक विभागाचे मुख्य इंजिनिअर जॉन डेलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट या साध्या गाडीत ३८९ घन इंचांचं, ६.४ लिटरचं व्ही-८ बसवलं, आणि स्वतंत्र मॉडेल न काढता जादा पैसे देऊन घेण्याचा पर्याय म्हणून विकायला ठेवलं. त्यामुळे वरच्या मंजुरीची वाट पाहावी लागली नाही. विक्री विभागाला पाच हजारांचीही खात्री नव्हती. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या.

या जीटीओवर तीन कार्बोरेटर ओळीनं बसवलेले होते. कागदावर ताकद ३४८ हॉर्सपॉवर. मी मालकांना पहिला प्रश्न विचारला तो आपल्याकडचाच: ॲव्हरेज किती? ते मनापासून हसले आणि म्हणाले, “गॅलनला दहा मैल. पाय हलका ठेवला तर बारा.” म्हणजे लिटरला चार ते पाच किलोमीटर. त्या काळी गॅलन तीस सेंटच्या आसपास मिळायचा, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारतच नसे.

त्या ३४८ विषयी थोडं सांगायला हवं. १९७२च्या आधी अमेरिकेत इंजिनाची ताकद मोजताना ते टेस्टबेडवर जवळजवळ उघडं चालवत. एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, पट्ट्यावर चालणारी जोडणीही काढलेली. गाडीत बसल्यावर प्रत्यक्ष मिळणारी ताकद बरीच कमी असायची. आजच्या पद्धतीनं मोजलं तर हे इंजिन तीनशेच्या खालीच येईल. दादाच्या व्ही-६ची ताकद ३०५ आहे, तीही सगळं जोडून मोजलेली. मालकांना मी हे सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. उठले, आमची गाडी कुठे उभी आहे ते विचारलं, आणि सोबत पाहायला आले. त्या दिवशी आमच्या मस्टँगचं बॉनेट उघडायला लावणारे ते एकटेच.

मसल कारचा पहिला अंक फार लवकर संपला. विम्याचे हप्ते तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले, १९७०चा हवा प्रदूषणाचा कायदा आला, शिसं कमी असलेल्या पेट्रोलसाठी १९७१पासून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण दाबण्याचं प्रमाण, उतरवावं लागलं, आणि ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखल्यावर पंपांवर रांगा लागल्या. देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा बसली. १९७४च्या मस्टँगमध्ये व्ही-८ मिळतच नव्हतं. १९७५च्या कायद्यानं कंपनीच्या विकलेल्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी ठरवून दिली: १९७८ला गॅलनमागे १८ मैल, १९८५ला साडेसत्तावीस.

ही सरासरी सगळ्या गाड्यांची मिळून, हे लक्षात ठेवायला हवं.

२००५ची मस्टँग जुन्या रूपाची आठवण करून देत आली आणि धडाक्यात खपली. जानेवारी २००६च्या डेट्रॉईट प्रदर्शनात डॉजनं चॅलेंजर आणि शेव्हरोलेनं कॅमॅरो, दोन्ही पुनर्जन्म एकाच मांडवाखाली दाखवले. या गाड्या बाजारात यायच्या सुमाराला मात्र २००८चा जुलै उजाडला आणि पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. पुढच्या वर्षी ३० एप्रिलला डॉजची मालक क्रायस्लरनं आणि १ जूनला शेव्हरोलेची मालक जनरल मोटर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला. जीटीओ जन्माला घालणारी पाँटिॲक कंपनी बंद करण्याचा निर्णय त्याच एप्रिलमध्ये जाहीर झाला, आणि त्याच वसंतात नवी कॅमॅरो दुकानांत लागली. वुडवर्डच्या टोकाला पाँटिॲक गावातून जाताना मला याचंच फार वाईट वाटत राहिलं.

इतक्या वाईट वेळी या गाड्या टिकल्या त्या इंजिनांतल्या कामामुळे. व्ही-८मध्ये गरज नसताना चार सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आली. सपाट रस्त्यावर एका वेगानं जाताना संगणक तेलाचा दाब वळवतो, त्या चार सिलिंडरांचे टॅपेट (पुशरॉडला खालून उचलणारे भाग) आतल्या आत दबतात, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे पुशरॉड उचललाच जात नाही आणि व्हॉल्व्ह मिटलेले राहतात. आत अडकलेली हवा दबते, पुन्हा फुलते, तिच्यात शक्ती फारशी वाया जात नाही. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणात आठही चालू. जुन्या धाटणीच्या पुशरॉड इंजिनाला ही युक्ती उलट सोपी गेली, याचं मला टेस्टबेडवाला म्हणून विशेष कौतुक आहे.

पण खरं काम व्ही-६नं केलं. आधीच्या मस्टँगमधलं ४ लिटरचं व्ही-६ २१० हॉर्सपॉवर द्यायचं. २०११ला आलेल्या ३.७ लिटरच्या इंजिननं ३०५ दिली आणि हायवेवर गॅलनमागे ३१ मैलांचा सरकारी आकडाही गाठला. यात एखादी जादूची कांडी नव्हती. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सगळ्या कॅमशाफ्टचं टायमिंग चालत्या इंजिनात बदलणारी यंत्रणा, सहा गिअर, इंजिनाची ताकद न खाणारं विजेचं पॉवर स्टिअरिंग, पाय उचलला की इंधन तोडणं, गाडीखालून जाणाऱ्या हवेला वाट करून देणं. प्रत्येकातून थोडं थोडं मिळालेलं. कॅमॅरोचं व्ही-६ही ३०४ हॉर्सपॉवर आणि हायवेला २९ मैल द्यायचं. या गाड्या हजारोंनी खपल्या, सरासरी त्यांनी सावरली, आणि त्या सरासरीच्या जिवावर व्ही-८ विकता आलं. घरात एकानं राबावं आणि दुसऱ्यानं मिरवावं तसं हे.

आपल्याकडे ही बाजू पोचलीच नाही. २०१६ला मस्टँग भारतात आली ती फक्त व्ही-८ घेऊन, ६५ लाखांना. त्यामुळे मसल कार म्हणजे आठ सिलिंडर आणि उडवलेलं पेट्रोल, एवढंच चित्र आपल्या मनात राहिलं. डॉजच्या ७०७ हॉर्सपॉवरच्या हेलकॅटचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. मीही ती वुडवर्डवर पाहिली, आवाजानं छाती हादरली. पण सुपरचार्जर लावून ताकद वाढवणं जुनं, ठाऊक असलेलं तंत्र आहे. ताकद जवळपास दीडपट करून पेट्रोल कमी जाळणं मला कितीतरी अवघड वाटतं.

रविवारी आम्ही डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड संग्रहालयात गेलो. तिथे क्रमांक १ची मस्टँग आहे, पांढरी, उघड्या टपाची. कॅनडातल्या स्टॅन्ली टकर या वैमानिकानं ती १९६४ला विकत घेतली होती आणि फोर्डनं पुढे नवी मस्टँग देऊन ती परत मिळवली.

नंतर एक दिवस आय-९४ने हिकरी कॉर्नर्सच्या गिलमोर संग्रहालयाला जाऊन आलो. जाताना टाकी भरली, ताशी सत्तर मैलांची मर्यादा पाळली, परतल्यावर पुन्हा काठोकाठ भरून भागाकार केला. गॅलनला तीस मैल, म्हणजे लिटरला पावणेतेरा किलोमीटर. दीड टनाहून जड, एवढी वर्षं वापरलेली गाडी!

आता हे व्ही-६ही राहिलेलं नाही. २०१८पासून मस्टँगमध्ये त्याच्या जागी फक्त चार सिलिंडरचं टर्बो आहे. चॅलेंजर डिसेंबर २०२३ला थांबली आणि त्याच सुमाराला कॅमॅरोही. डॉजनं नवी चार्जर आधी विजेवर काढली, मग सहा सिलिंडरचं टर्बो इंजिनही दिलं. व्ही-८ घेऊन मस्टँग अजून उभी आहे.

तुम्ही कधी गेलात तर शनिवारच्या आधी गुरुवार-शुक्रवारच्या संध्याकाळी वुडवर्डवर जा. गर्दी कमी असते, गाड्या खरोखर चालताना दिसतात आणि मालक निवांत बोलतात. बर्मिंगहॅम ते रॉयल ओक हा पट्टा उत्तम. जीटीओ, शेव्हेल, रोड रनर सगळं डोळे भरून बघा. आणि मध्येच एखादी २०११-१२ची साधी मस्टँग उभी दिसली तर तिथेही थांबा, मालकाला बॉनेट उघडायला सांगा आणि गॅलनला किती मैल पडतात ते नक्की विचारा.