नानांच्या ट्रंकेतली पत्रं

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत आपल्या गुरुजनांविषयी बरेच जण लिहितील, आणि लिहायलाच हवं. मला लिहायचं आहे ते शाळेचे शिपाई नाना यांच्याविषयी. गेल्या पावसाळ्यात ते गेले. वयाची पंच्याऐंशी उलटली होती. दहाव्याला भर पावसात आपल्या शाळेच्या जवळजवळ प्रत्येक तुकडीतलं कुणी ना कुणी घाटावर उभं होतं.

मी १९८१ साली पाचवीत आले. ऑफिससमोरच्या कडुनिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला असे आणि नाना त्यावर टोल देत. अंगात खाकी, पायात काळे बूट, चिखल असो की धूळ, बुटांची चकाकी तीच. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे जंगी पलटणीतून, हवालदार होऊन ते पेन्शनवर आले होते. आमच्या सातारा भागात याचं कुणाला नवल नाही. आपशिंग्याच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. घराघरांत फौजी असल्यामुळे नानांना कुणी फारसं काही विचारत नसे, आणि ते आपणहून सांगत नसत.

पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी मात्र नानांच्या पडवीत गर्दी व्हायची. ज्यांच्या घरी इस्त्री नव्हती, म्हणजे आम्ही बहुतेक सगळेच, गणवेश घेऊन तिथं रांग लावायचो. नाना पितळी तांब्यात निखारे भरायचे, सांडशीनं काठ धरायचे, तोंडात पाणी घेऊन कपड्यावर बारीक फवारा सोडायचे आणि तांब्याचा बूड हलक्या हातानं फिरवायचे. माझ्या झग्याच्या चुण्या त्यांनी एकेक बोटानं धरून बसवलेल्या मला आजही दिसतात. मध्येच त्यांच्या धाकट्या लेकीची वेणी सुटली, तर तांब्या खाली ठेवून ती घालायचे. ती माझी वर्गमैत्रीण, म्हणून त्यांच्या घरात माझा पाय. त्या घरात तीन मुलं त्यांची आणि दोन थोरल्या भावाच्या मागे राहिलेली. कोण कुणाचं, हे मला सातवीत गेल्यावर कळलं.

लढाईचं ते एकदाच बोलले. इतिहासाच्या सरांनी आठवीत त्यांना वर्गात बोलावलं होतं. आम्हाला वाटलं, आता गोळ्या, तोफा, बाँब. नानांनी सुरुवात केली ती त्यांच्या पलटणीतल्या नामदेव जाधवांपासून. जाधव नगर जिल्ह्यातले, कंपनीचे रनर. “रनर म्हंजे निरोप्या. हिकडचा निरोप तिकडं न्यायचा,” नानांनी समजावलं. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीच्या काठी या निरोप्यानं दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांतून उचलून आणलं, मग शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश अमलातलं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळवलं. नाना हे उभं राहून, सावधान करून सांगत होते.

मग ते १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या जमालपूरवर आले. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण शत्रूच्या पिछाडीला गेली होती आणि जमालपूरहून दक्षिणेला जाणारा रस्ता अडवून बसली होती. आत पाकिस्तानची ३१ बलुच पलटण. आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी शरण या म्हणून पत्र लिहिलं आणि मुक्तिवाहिनीतला, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या तिथल्या लोकांच्या दलातला, मुन्शी नावाचा एक म्हातारा ते घेऊन, पांढरं निशाण धरून, शत्रूच्या ठाण्यात गेला. पलीकडच्या कर्नल सुलतान यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. नंतर १० डिसेंबरच्या रात्री बलुच बाहेर पडायला धडकत राहिले, पलटणीनं रस्ता सोडला नाही, आणि सकाळी उरलेले शरण आले. ही सबंध रात्र नानांनी दोन वाक्यांत संपवली. मुन्शीबद्दल मात्र बराच वेळ बोलले. “हातात हत्यार न्हाई. निस्ता कागुद घिऊन गेलं म्हातारं. आमच्याकडं तरी रायफल हुती.”

नानांना कागद नेणाऱ्याचं एवढं का, ते मला फार उशिरा समजलं.

काकींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, अक्षरओळख नव्हती. लग्नानंतरची वीसेक वर्षं नाना पलटणीत आणि काकी गावात. पत्र आलं की काकी ते पदराखाली धरून शाळेत यायच्या. मधल्या सुट्टीत मोकळे असतील ते गुरुजी वाचून दाखवायचे आणि उत्तरही लिहून द्यायचे. आता गुरुजींच्या तोंडून नवऱ्याचं पत्र ऐकायचं आणि गुरुजींच्याच हातून उत्तर धाडायचं, म्हणजे त्यात काय येणार? पाऊस, बैल, सोसायटीचं कर्ज, पोरांची खुशाली. मनातलं सगळं राहूनच जायचं. तिकडे नानांनाही ठाऊक असायचं की हे आधी गुरुजी वाचणार.

पेन्शनवर आल्यावर त्यांना पुण्यात एका कारखान्यात वॉचमनची जागा मिळत होती, पगारही जास्त. ते शाळेत शिपाई झाले. भावकीत कुणी टोचून बोललं, हवालदार असून पोरांचं पाणी भरणार का म्हणून. नाना म्हणाले, “माझी पत्रं ह्या शाळेनं वाचली. तिचं पाणी भराया लाज कसली?” आपल्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी हे मला सांगितलं, तेव्हा त्यांचा स्वर ओला झाला होता.

त्याच सुमारास गावात प्रौढ शिक्षणाचा रात्रीचा वर्ग सुरू झाला. २ ऑक्टोबर १९७८ ला देशभर तो कार्यक्रम सुरू झाला होता, आपल्याकडे वर्ग शाळेतच भरे. नाना कंदील घेऊन पुढे, पाटी घेऊन काकी मागे. वर्ग सुटेपर्यंत नाना पायरीवर बसून राहत. बायका काकींना विचारायच्या, “आता मालक घरी आलं, पत्र यायचं न्हाई. आता कशाला शिकतीस गं?” काकी म्हणायच्या, “आल्याली वाचायची ऱ्हायल्यात की.”

आणि त्यांनी ती वाचली. दुपारी उंबऱ्यात बसून, एकेका अक्षरावर बोट ठेवून, वीस वर्षांची जुनी पत्रं. माझ्या मैत्रिणीनं आणि मी हे पाहिलं आहे. नाना तेव्हा गोठ्यात काही ना काही काम काढून बसायचे.

दहाव्यानंतर मैत्रिणीनं मला थांबवून घेतलं आणि नानांची काळी ट्रंक उघडली. वर पलटणीच्या फितीत गुंडाळलेली पदकं, खाली गड्ड्यानं आंतरदेशीय पत्रं. ही काकींकडून गेलेली, नानांनी पलटणीतून जपून परत आणलेली. पत्त्यात त्यांचा नंबर, पलटण, द्वारा ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. अक्षरं आमच्या गुरुजनांची. मराठीच्या सरांचा लपेटदार ‘श्री’ मी लगेच ओळखला. १९७१ च्या डिसेंबरमधल्या एका पत्राच्या समासात, काकींचा मजकूर संपल्यावर, गुरुजींनी आपल्या मनानं एक ओळ घातली होती : “थोरली पहिलीत बसली. अक्षर चांगलं आहे. इकडची काळजी करू नये.”

एक पोस्टकार्ड मात्र त्या गड्ड्यात नव्हतं. ते पेन्शनच्या पुस्तकात सापडलं, चार घड्या पडलेलं, कडा विरलेल्या. नाना पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी होते तेव्हाचं. मोठमोठी, वाकडी अक्षरं, ओळ खाली उतरत गेलेली, कुठं काना राहिलेला. काकींनी स्वतः लिहिलेलं एवढं एकच पत्र.

“गाय व्याली. पाडी झाली. तुमच्याबिगर घर खायला उठतं. लवकर या.”